बारा नंबरची जड पिशवी

"अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. झाले." भिंगरीनं शंभर मुगाचे दाणे वाटीत ढकलले आणि वाटी टपालच्या पुढ्यात सरकवली.

"मी ब्याऐंशीवर आहे, कुणी बोलू नका," खडू म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं की बोलण्याच्या नादात आपणच आकडा विसरलो. त्यानं सगळे दाणे परत ढिगात ओतले आणि एकपासून सुरुवात केली. सकाळपासून तिसऱ्यांदा हे असं झालं होतं. एरवी टपालनं त्याची इतकी खेचली असती की खडू रडकुंडीला आला असता. आज तोही गप्पच होता.

सुट्टीचा दुसरा दिवस. कडधान्य संशोधन केंद्राच्या मळणी शेडमध्ये तिघं जमिनीवर मांडी घालून बसले होते. भिंगरी बारा वर्षांची, एका जागी कधी न बसणारी, म्हणून भिंगरी. खडू तिचा धाकटा भाऊ, खडूसारखाच बारीक आणि पांढरा. टपाल म्हणजे केंद्रातल्या कारकूनबाईंचा मुलगा. बातमी त्याच्या पोटात पाच मिनिटं टिकायची नाही, म्हणून हे नाव. तिघांची घरं केंद्राच्या आवारातच होती.

भिंतीशी साठ कापडी पिशव्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येक पिशवीत शेतातल्या एका वाफ्याचा मूग, आणि पिशवीच्या गळ्यात त्या वाफ्याचा नंबर. काम सोपं होतं. प्रत्येक पिशवीतले शंभर दाणे मोजायचे, त्यांचं वजन लिहायचं आणि दाणे परत त्याच पिशवीत टाकायचे. दर सुट्टीत हे काम मुलांकडे असायचं आणि दर वेळी भिंगरीची आत्या त्यांच्यासोबत बसून मोजायची. या वेळी ती आली नव्हती.

आत्या केंद्रात मुगाचे नवे वाण तयार करायची. वाण म्हणजे मुगाची एक जात. मुगाच्या शेंगा सगळ्या एका वेळी पिकत नाहीत. आज काही, आठवड्यानं काही, त्यानंतर आणखी काही. एकाच शेतात तीन-तीनदा वाकून तोडणी करावी लागते. आत्याला असा मूग हवा होता, ज्याच्या शेंगा एकदम पिकतील आणि दाण्यांचा उतारही भरपूर पडेल. त्यासाठी ती संध्याकाळी चिमट्यानं एवढ्याशा कळ्या उघडायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचे परागकण त्यात ठेवायची. शंभर कळ्यांमागे पाच-सहा शेंगा धरल्या तरी खूश व्हायची. असं अकरा वर्षं चाललं होतं. बाबा म्हणायचे, घरात मुलं तीन आहेत. भिंगरी, खडू आणि आत्याचा मूग.

या हंगामात त्या मुगाची परीक्षा होती. वीस वाण, प्रत्येक वाण तीन वाफ्यांत. गेल्या आठवड्यात वजनं झाली, यादी लागली आणि आत्याचा मूग विसात अठरावा आला. शेवटचे पाच वाण कायमचे बाद होणार होते. येत्या शुक्रवारी समिती बसून तसं लिहून देणार होती. मग आत्याचं बियाणं शीतकपाटात जाणार आणि आत्या कचेरीत, कागद सांभाळायला.

यादी वाचून आत्या म्हणाली, "बरं." एवढंच. रडली नाही, चिडली नाही. दोन वेळा जेवायची, विचारलं तर उत्तर द्यायची आणि बाकी वेळ खिडकीशी बसायची. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळं घर झालं होतं.

भिंगरीला आणखी एक गोष्ट छळत होती. ती गोष्ट तिघांनाच माहीत होती. आणि या बाबतीत टपालसुद्धा मूग गिळून बसला होता.

झालं होतं असं. पीक फुलावर असताना आत्याचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि ती तीन आठवडे इस्पितळात होती, आणि नंतर तोडणी संपेपर्यंत घरीच. त्या दिवसांत खडू टपालची सायकल शिकत होता. सायकलला ब्रेक नव्हता. रस्त्याला उतार होता. खडू सायकलसकट थेट मुगाच्या वाफ्यात घुसला. त्याला आणि सायकलला बाहेर काढताना उरलेली झाडं बाकीच्या दोघांनी तुडवली. वाफ्याची खुंटीही उपटून आली होती. ती त्यांनी होती तिथंच परत रोवली. खुंटीवर नंबर होता बारा. शाळेच्या हजेरीत खडूचा नंबरही बाराच, त्यामुळे विसरायची सोयच नव्हती.

"आत्याचा मूग आपल्यामुळे नापास झाला," खडू हळूच म्हणाला. तो हे रोज एकदा म्हणायचा.

"तो वाफा आत्याचाच होता हे कुठं माहितीय?" टपाल म्हणाला.

"नव्हता हे तरी कुठं माहितीय?"

 भिंगरीनं पुढची पिशवी ओढायला हात घातला, पण पिशवी जागची हललीच नाही. दोन्ही हात लावावे लागले. मग तिनं गळ्यातला नंबर पाहिला.

"खडू, ही बारा नंबरची आहे."

"असेल."

"उचलून बघ."

खडूनं उचलली. टपालनं उचलली. मग तिघांनी शेजारच्या चार पिशव्या उचलून पाहिल्या. बारा नंबर त्या सगळ्यांपेक्षा जड होती.

"आपण जवळजवळ अख्खा वाफा झोपवला होता," भिंगरी म्हणाली. "याच्यात मूठभर मूग निघायला हवा होता. एवढा आला कुठून?"

"तुडवल्यानं वाढला असेल," टपाल म्हणाला. मग स्वतःलाच ते पटेना.

शेडच्या दारात इस्त्रीकाका उभे होते. हे केंद्राचे शेत-सहायक, याच हंगामात नव्यानं आलेले. त्यांचा शर्ट कडक इस्त्रीचा, पेन खिशात सरळ उभं, टेबलावरचे कागद काठाला काठ लावून. वाईट माणूस नव्हता. फक्त एखादी वस्तू तिरकी दिसली की त्यांना रात्रभर झोप लागत नसावी.

"काका, पिशव्यांचे नंबर चुकले असतील का हो?" भिंगरीनं विचारलं.

"चुकतील कसे? वाफ्यातल्या खुंटीवरचा नंबर बघून मी स्वतः पिशवीला बांधलाय. एकेक." काकांनी तिला चष्म्यावरून पाहिलं. "आणि मी आलो तेव्हा खुंट्या काय अवस्थेत होत्या माहीत आहे? रंग उडालेला, काही वाकड्या, एक तर उलटीच रोवलेली. सगळ्या उपटून जाळून टाकल्या. नव्या कोऱ्या लावल्या, दोरी धरून. शेतातल्या गोष्टी मुलांनी मला शिकवू नयेत. मोजा."

ते गेले. उलटी खुंटी कुणी रोवली होती ते तिघांना चांगलंच ठाऊक होतं.

"म्हणजे आपण पडलो त्याच्यानंतर खुंट्या बदलल्या," भिंगरी म्हणाली. "चला. आत्याला सगळं सांगायचं."

"सायकलचंही?" खडूचा चेहरा आणखी पांढरा झाला.

"सायकलचंच तर सांगायचंय."

आत्या खिडकीशीच होती. भिंगरीनं सगळं एका दमात सांगून टाकलं. खडू तिच्यामागे उभा राहून जमिनीकडे बघत होता. आत्या पिकाच्या बाबतीत कडक होती. वाफ्यात नुसतं पाऊल पडलं तरी ती कान उपटायची.

"बरं," आत्या म्हणाली.

"आत्या, आम्ही तुझा वाफा तुडवला."

"बारा नंबर माझा नव्हता. माझे चौदा, सदतीस आणि बावन्न." ती हे पाढे म्हणावेत तसं म्हणाली. "तुमच्यामुळे काही झालं नाही. मूगच कमी पडला. मला आधीपासून वाटतच होतं."

खडूच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, पण त्याला बरं वाटलं नाही. आत्या ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"पण मग बारा नंबरची पिशवी जड का?" भिंगरी चिकटून राहिली. "पेरणीचा नकाशा आहे का तुझ्याकडे?"

आत्यानं कपाटाकडे बोट दाखवलं.

नकाशा म्हणजे एक मोठा चौकटींचा कागद होता. सहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा चौकटी. डाव्या कडेला 'नळ' आणि उजव्या कडेला 'रस्ता' असं लिहिलं होतं. खडूनं कागदावर बोट फिरवलं आणि तो थबकला.

"आत्या, तुझा नकाशा चुकलाय. पहिल्या ओळीत एक ते दहा नळापासून रस्त्याकडे जातात. मग दुसऱ्या ओळीत अकरा पुन्हा नळापासून हवा ना? तू रस्त्यापासून लिहिलायस. उलटा."

"उलटाच असतो," आत्या म्हणाली. "पेरणारा माणूस नळापासून निघतो, रस्त्याशी पोचतो. तिथून रिकामा परत कशाला येईल? तिथेच वळतो आणि पेरत पेरत नळाकडे येतो. म्हणून नंबरही वळतात. साप जातो तसे. सगळ्याच केंद्रांत असंच असतं, कुणी कुणाला सांगत पण नाही."

भिंगरी नकाशाकडे पाहत राहिली. बारा नंबर दुसऱ्या ओळीत, रस्त्याकडून दुसरा. सायकल तिथेच घुसली होती, बरोबर.

"ज्याला कुणी सांगितलंच नसेल, तो काय करेल?" तिनं विचारलं. आत्या पुन्हा खिडकीबाहेर बघत होती. तिनं ते ऐकलं की नाही कळलं नाही.

सोमवारी सकाळी तिघांनी शेडमागच्या मोकळ्या जागेत दोन ओळींत वीस लहान वाफे आखले आणि वीस काटक्यांवर नंबर घातले. मग त्यांनी त्या काटक्या जमतील तितक्या वाकड्यातिकड्या रोवल्या.

"तू काही बोलू नकोस," भिंगरीनं टपालला बजावलं.

"मी कशाला बोलू?"

"तू नेहमी बोलतोस. तोंडात काहीतरी धर."

टपालनं शर्टाची कॉलर दातात धरली. इस्त्रीकाका तिथून जाताना थांबले. थांबणारच होते.

"हे काय आहे?"

"आम्ही पण मूग लावणार आहोत," भिंगरी म्हणाली. "पण खुंट्या काही नीट जमत नाहीत. शिकवाल का?"

काकांनी हातातले कागद ठेवले, बाह्या दुमडल्या, दोरी मागवली. दहा मिनिटांत एक ते दहा काटक्या ओळंब्यात उभ्या झाल्या. मग ते चालत पहिल्या टोकाला परत आले आणि तिथून त्यांनी अकरा नंबर रोवला.

"प्रत्येक ओळ इथूनच सुरू करायची का, काका?"

"मग काय तिकडून? ओळ डावीकडून सुरू होते. वहीत कसं लिहितेस? शेतातही मी तस्संच लावलंय."

टपालच्या घशातून काहीतरी आवाज आला. खडूनं त्याचा पाय दाबला.

काका गेल्यावर तिघं शेडमध्ये पळाले. साप जातो तसं मोजलं तर बारा नंबरचा वाफा रस्त्याकडून दुसरा. काकांसारखं मोजलं तर त्याच जागी एकोणीस नंबरची खुंटी. भिंगरीनं एकोणीस नंबरची पिशवी शोधली आणि एका बोटानं उचलली. तळाशी मूठभर मूग होता.

"ही आपली पिशवी आहे," खडू म्हणाला. "सायकलवाली."

भिंगरीनं लिहायच्या खडूचा तुकडा घेऊन फरशीवर मांडणी केली. दुसरी, चौथी आणि सहावी, एकाआड एक ओळ उलटली होती. आत्याचा चौदा नंबर सतरा झाला होता. सदतीसचा चौतीस आणि बावन्नचा एकोणसाठ. तिन्ही वाफे नेमके उलटलेल्या ओळींत. भिंतीवर वजनांचा तक्ता होता. तिनं त्यात सतरा पाहिला, चौतीस पाहिला, एकोणसाठ पाहिला. तिन्ही वजनं भरघोस होती.

दुपारी तिनं तो हिशोब आत्यापुढे ठेवला. आत्यानं पूर्ण वाचला. तिचे ओठ किंचित हलले, पण चेहरा होता तसाच राहिला.

"असं असूही शकेल," ती म्हणाली. "नसेलही. एका सायकलवरून समिती यादी बदलणार नाही. आणि भिंगरी, मला आता आशा लावू नकोस. खरं सांगते, मला काहीच वाटत नाहीये, आणि ते बरं आहे. पुन्हा काही वाटायला लागलं आणि ते खोटं निघालं, तर मला जमणार नाही."

भिंगरीला रडू येत होतं, पण ती हटली नाही. "पिशवीत मूग कुणाचा आहे हे कसं ओळखायचं, तेवढं सांग. बाकी आम्ही बघतो."

 आत्या सवयीनं बोलावं तसं बोलली. "दाण्यावरून नाही ओळखू येणार. पेरून बघावं लागतं. माझ्या मुगाचं खोड रोप असताना हिरवं असतं. बाकी सगळ्यांचं जांभळट. उजेडात ठेवलं तर चौथ्या दिवशी दिसतं." आणि तिनं शीतकपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. "पेरणीतून उरलेलं माझं बियाणं आत आहे. तेही शेजारी लावा. तुलना करायला काहीतरी खात्रीचं लागतं."

सोमवारी संध्याकाळी सात ट्रे भरले गेले. सहा पिशव्यांचे सहा, आणि आत्याच्या पुडीतल्या बियाण्याचा सातवा. टपालच्या घरची खिडकी सगळ्यात उजेडाची, म्हणून ट्रे तिथे ठेवले. मंगळवारी काही नाही. बुधवारी माती फुगली. खडू दर अर्ध्या तासानं बघायला जायचा आणि टपालची आई त्याला हाकलायची. या चार दिवसांत टपालनं ही बातमी कुणालाही सांगितली नाही. चौथ्या दिवशी त्याला ताप आला तो त्यामुळेच, असं त्याचं अजूनही म्हणणं आहे.

शुक्रवारी सकाळी कोंब बोटभर झाले होते. तिघांनी ट्रे फिरवून फिरवून पाहिले, नंबर पुन्हा वाचले आणि एकमेकांकडे पाहिलं. कुणीही उडी मारली नाही. 

समिती मोठ्या बाईंच्या खोलीत बसली होती. मोठ्या बाई म्हणजे केंद्राच्या प्रमुख. गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोलणं त्यांना आवडायचं नाही. टेबलाच्या टोकाला आत्या बसली होती. बियाणं जमा करायची यादी तिच्यापुढे तयार होती आणि इस्त्रीकाका तिच्या शेजारी. दार ढकलून तीन मुलं सात ट्रे घेऊन आत आली.

"हे काय?" मोठ्या बाई म्हणाल्या.

  भिंगरीनं सातवा ट्रे मध्ये ठेवला. "हा आत्याचा मूग, कपाटातला. खोड हिरवं आहे. हे चौदा, सदतीस आणि बावन्न नंबरच्या पिशव्यांतले, म्हणजे आत्याचे असायला हवेत. पण यांची खोडं जांभळी. आणि हे सतरा, चौतीस आणि एकोणसाठचे. हे हिरवे."

बाईंनी चष्मा लावला आणि एकेका ट्रेवर वाकून बघितलं. मग नकाशा मागवला. त्या काकांकडे वळल्या. "अकरा नंबरची खुंटी कुठं रोवलीत?"

"नळाकडे. ओळीच्या सुरुवातीला. दोरी धरून—"

बाईंनी डोळे मिटले. "सतरा, चौतीस आणि एकोणसाठची तोडणी किती वेळा केली?"

काकांनी वही उघडली. "एकदाच. बाकीच्यांच्या तीन-तीन झाल्या. या तिन्हींच्या शेंगा एकदम पिकल्या. मला ते जरा विचित्र वाटलं होतं, पण म्हटलं असेल." ते बोलता बोलता थांबले. आत्याकडे बघून त्यांनी वही मिटली. "ताई, चूक माझी आहे. विचारायला हवं होतं."



"तुम्हा मुलांच्या हे लक्षात कसं आलं?" बाईंनी विचारलं.

आता इलाज नव्हता. खडू पुढे झाला. "मी बारा नंबरच्या वाफ्यात सायकल घातली होती," तो म्हणाला, आणि पुढचं सगळं त्यानंच सांगितलं, ब्रेक आणि उलट्या खुंटीसकट.

"म्हणजे त्या वाणावर तुमच्यामुळे अन्याय झाला. तो पुढच्या हंगामात पुन्हा पेरला जाईल, आणि त्याची निंदणी तुम्ही तिघं कराल."

"हो," तिघं म्हणाले.

"आणि दुसरं. या खोलीतल्या आम्हा सगळ्यांनी ती वजनं पाहिली होती. त्या तीन वाफ्यांची वजनं कुणालाच विचित्र वाटली नाहीत. तुम्ही दाणे मोजता मोजता विचार केलात. शाब्बास." बाईंच्या तोंडून हा शब्द केंद्रात कुणी ऐकलेला नव्हता. मग त्यांनी पेन्सिल घेतली, नकाशा आणि तक्ता शेजारी ठेवले आणि नंबर बदलत नवी यादी लिहिली. पाच मिनिटं खोलीत फक्त पेन्सिलीचा आवाज होता. लिहून झाल्यावर त्यांनी पहिली ओळ वाचली. आत्याचा मूग विसात पहिला होता.

आत्या म्हणाली, "पुन्हा वाचा."

बाईंनी वाचली.

"पुन्हा एकदा."

बाईंनी तिसऱ्यांदा वाचली, सावकाश, एकही शब्द न गाळता. आणि मग आत्या टेबलावर डोकं ठेवून मोठ्यानं रडायला लागली. मोठ्या माणसांना असं रडताना मुलांनी पाहिलं नव्हतं. खडू घाबरून पुढे निघाला, पण बाईंनी त्याला हातानं थांबवलं. "रडू दे तिला," त्या म्हणाल्या. "तुंबलं होतं." भिंगरीनं आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं आता एकदम वर आलं आणि तीही रडली. टपाल आधीच रडत होता, पण तो म्हणाला ते तापामुळे.

बऱ्याच वेळानं आत्यानं तोंड पुसलं. तिनं हिरव्या खोडांचा ट्रे स्वतःकडे ओढला, एका रोपाच्या मुळाशी बोटानं माती चाचपली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"किती दाट पेरलंय हे. अशी मरतील ही. आजच्या आज मोठ्या कुंड्यांत लावायला हवीत," ती म्हणाली आणि ट्रे उचलून उठली. "चला, माती कालवायला लागा."